दोन बोटांचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – आईला नाही, नवऱ्याला नाही. आज तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही.

पंधराव्या वर्षी मला माझा चेहरा नकोसा झाला होता. गालभर मुरमं. स्मृती नगरच्या आमच्या गल्लीत कुणीही भेटलं की नजर आधी तिथेच. समोरच्या शीलाकाकू तर रोज नवा लेप सुचवायच्या, तोही चारचौघांत. मला तारलं ते गाण्यांनी. कानात इअरफोन घातले की मला चेहराच नसायचा. ती वर्षं मी गाण्यांच्याच जिवावर काढली – हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही.

पप्पा प्लांटमध्ये कामाला. त्यांची नाइट शिफ्ट असली की दिवसा आमच्या घरात चिडीचूप. बेल बंद, फोन बंद, पडदे ओढलेले. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं – नाइट करून आलेल्या माणसाच्या दारावर दोन बोटांनी, हळूच ठोकायचं.

त्या दुपारी तसंच ठोकलं गेलं. आई शाळेत शिकवायला गेलेली, पप्पा नाइट करून आत झोपलेले. माझं एक गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं – आणि दाराबाहेर शीलाकाकूंचा दबका आवाज.

“बेटा, दार उघड ना. काकाले कसंतरी होऊन राहिलं.”

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द. पण दार उघडायचं, म्हणजे पुन्हा तो चेहरा दाखवायचा. ‘कसंतरी’ म्हणजे काय – ॲसिडिटी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि आवाज वाढवला.

आमची गाडी दारातच उभी होती. काकू ऑटोसाठी हायवेपर्यंत पळत गेल्या. काका दवाखान्यात पोचलेच नाहीत.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, खरंच ऐकू नाही आलं? मी इअरफोन पुढे केले. तेवढ्या रडण्यातही काकू माझी बाजू घेऊन बोलल्या.

“तिले कावून बोलता, भाऊ? मीच जोरानं नाही ठोकलं. तुमची झोप मोडंल म्हनून.”

त्यानंतर पप्पा दिवसा कधी धड झोपले नाहीत. खुट्ट झालं की उठून दाराशी जायचे. मी बघत होते. तेव्हा तरी मी खरं बोलले का?

गेल्या महिन्यात काकूंना भेटले. अजून तेच म्हणतात – मी जोरानं ठोकायला पाहिजे होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, काकू, नका असं मनाला लावून घेऊ. बराच वेळ मी त्यांची समजूत काढत होते.