हात चांगले आहेत तिचे

"तू चहाचं बघ. तुझं काम हा सांगेल."

विभागप्रमुख सर हे म्हणाले तेव्हा मी पडद्याजवळ उभी होते, बोलायच्या तयारीत. जळगावला आमच्या विभागात त्या दिवशी बाहेरचे तज्ज्ञ आले होते. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं काम बघायला. ते काम माझं होतं. पुरुषी हार्मोन मिळणं बंद केलं की या कॅन्सरच्या पेशी मरतात. पण सगळ्या नाही. काही त्याच्याशिवाय जगायला शिकतात. कशा, ते मी शोधत होते. रविवार पाहिला नाही, दिवाळी पाहिली नाही.

'हा' म्हणजे सरांचा भाचा. माझ्या मागून आलेला. त्यानं मी काढलेले पेशींचे फोटो पडद्यावर दाखवले. मी मागे कप भरत होते.

एका पाहुण्यानं विचारलं, "ही कोण?"

सर म्हणाले, "कोट्यातून आलीय. डोकं बेताचं, पण हात चांगले आहेत तिचे. पिढ्यान्‌पिढ्या हातानंच केलंय ना यांनी सगळं."

सगळे हसले. मीही हसले.

तेच माझे मार्गदर्शक. त्यांच्या सहीशिवाय पीएचडी नाही. गिळलं.

सुट्टीत भडगावजवळ घरी गेले. आबा, माझे वडील, मोरीत बराच वेळ थांबत. उठताना कंबर धरत. लघवीला त्रास होतो का, असं विचारलं. आबांनी तोंड फिरवलं.

"पोरनी बापले हाई इचारानं नई."

भावाला सांगितलं. तो माझ्यावरच चिडला. आबा तपासणीला तयार झाले तोवर उशीर झाला होता. धुळ्याच्या दवाखान्यात स्कॅन माझ्या हातात आला. कॅन्सर हाडांत पसरलेला. डॉक्टर बोलायच्या आधीच मला कळलं.

आबांना सगळं सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "मी लाजनू. तू नको लाजू."

विभागातलं त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य मला तिथंच लागलं. मी का हसले होते? मी कशाची लाज बाळगत होते?

पुढच्या बैठकीत भाचा उठला. मी त्याच्या आधी पुढे गेले.

"माझं काम मीच सांगणार."

सर हळूच म्हणाले, "सही माझी लागेल तुला."

"तुमची नको."

आणि बोलले. शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बदलून मागितला. वर्षं गेली त्यात. माझे फोटो भाच्याच्या नावावर छापून आले. मी केलेल्या तक्रारीला अजून उत्तर नाही. पदवी मिळाली, पण ती बघायला आबा नव्हते.

आबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना भाऊ सांगत होता, तापानं गेले. मी ओट्यावर उभी राहिले.

"ताप नव्हता. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. लघवीला त्रास होत होता, लाजेनं बोलले नाहीत."

भाऊ आत निघून गेला. अजून बोलत नाही माझ्याशी.

आता धुळ्यात कॉलेजात शिकवते. त्याच पेशींवर काम करते. माझ्याकडे जो प्रयोग करतो, तोच उभा राहून सांगतो. आणि सवड मिळेल तशी गावोगाव जाते, पुरुषांशी या रोगाबद्दल बोलायला. परवा एका गावात एक म्हातारे चिडले. "बाई, बायास्नी हाई बोलानं नई."

"नाना, मी बोलणार. ज्याला जायचंय त्यानं जावं."

अर्धे उठून गेले. उरलेल्यांशी बोलले.

येत्या रविवारी परत जाणार आहे. उठून गेलेल्यांच्या दारात.