तांब्याचा चंद्र

भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही गटार कोरडं ठणठणीत होतं. शेजारचे चौघं धावत आले, काकांना पलंगासकट उचलायला वाकले आणि पाणीच नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून परत गेले.

"बाय, तुझा भोंगा खोटारडा हाय गो," मंदाकाकू फोनवर म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा कोन येनार? अमावस्येला उधाण हाय."

काकूंचं घर कोपरीला, खाडीच्या अंगाला. उधाणाची भरती आली की गटारातून पाणी उलटं चढतं आणि तळमजल्यात शिरतं. काकांना अर्धांगवायू झालेला. त्यांना माडीवर न्यायला चार माणसं लागतात आणि पाणी येतंय हे जरा आधी कळावं लागतं. ते कळवायचं काम माझ्या बोर्डाचं होतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. मी प्रोटोटाइप बनवते, म्हणजे कुठल्याही यंत्राचा पहिला, चुकायला मोकळा नमुना. माझे सर्किट बोर्ड ओपन सोर्स असतात. आराखडा नेटवर असतो, कुणीही घ्यावा, बनवावा, बदलावा. हा बोर्ड तर अगदी साधा. गटारात प्लास्टिकच्या नळीत तांब्याची एक पट्टी. पाणी जवळ आलं की पट्टीवरचा विद्युतभार किंचित बदलतो. बोर्ड ते ओळखतो आणि भोंगा वाजवतो.

बोर्ड आखताना मी पूर्ण जागी असते असं छातीठोक सांगता येणार नाही. स्क्रीनवर तांब्याच्या वाटा वळत जातात आणि मी त्यांच्यामागून चालत राहते. चहा निवतो. खिडकीतलं ऊन टेबलावरून कधी उतरलं ते कळत नाही. अशाच तंद्रीत, भरतीचा बोर्ड म्हणून, मागच्या रिकाम्या जागेत मी एक चंद्र रेखाटला. तांब्याचा, वाटोळा, डागांसकट. तो कशालाच जोडलेला नव्हता. मला तो फार आवडायचा.

गाळ्यात तसाच दुसरा बोर्ड टेबलावर ठेवून पाहिला, तर सगळं बरोबर चालत होतं. पट्टी बादलीत घातली की वाजे, बाहेर काढली की गप्प. वायर बदलली, पॉवर सप्लाय बदलला, तरी दोष सापडेना. अमावस्येच्या आदल्या दिवशी कोपरीला निघाले. शीळफाट्याला टॅक्सी अडकली. उन्हात डुलणाऱ्या कंटेनरच्या रांगेकडे बघत बसले होते, तेवढ्यात रत्नागिरीहून एका मास्तरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा बोर्ड मी घरीच बनवला. विहिरीवर लावलाय, झकास चालतो. फक्त माफी मागायची होती. तो चंद्र काही मला जमला नाही. गाळला."

मला खरं तर रागच आला. तरी विचारलं, "खोटा वाजत नाही ना कधी?"

"छे हो. एकदाही नाही."

मी ताठ बसले. माझ्या टेबलाला भिंत नव्हती. काकूंकडे बोर्डाचा डबा खाडीकडच्या भिंतीवर होता, आणि ती भिंत बारा महिने ओली. चंद्र बोर्डाच्या पाठीवर, भिंतीला लागून. त्याच्या अगदी शेजारून पट्टीची वाट गेलेली. ओल वाढली की चंद्राचा भार बदलायचा, शेजारच्या वाटेला तो जाणवायचा आणि बोर्डाला वाटायचं, पाणी आलं.

कोपरीला पोचताच डब्यामागे ओलं फडकं धरलं. भोंगा वाजला.

"चंद्र कशाला काढलास गो?" काकूंनी विचारलं.

"छान दिसावा म्हणून."

"भिंतीला दाखवायला?"

मी डबा उघडला. सोल्डरिंग आयर्नने चंद्र तापवला आणि ब्लेडने सोलला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग फडकं पुन्हा धरलं. भोंगा गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच थांबले. दुपारी भोंगा वाजला. काकूंनी बाहेर जाऊन आधी गटार पाहिलं, मग हाका मारल्या. तिघं आले. चौथा आपल्या घराच्या दारातूनच ओरडला, "काकू, दोनदा येऊन गेलो मी," आणि आत गेला.

पलंगाचा चौथा कोपरा मी धरला. जिना अरुंद होता, काका जड होते आणि सबंध वेळ ते माझ्याकडेच बघत होते. आम्ही वर पोचल्यावर खाली पाणी उंबरा ओलांडून आलं, सावकाश, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं.

आराखड्यातून चंद्र आता गेला आहे. बोर्डावरचं तांबं रिकामं बसत नाही. आपण काम दिलं नाही, तर ते स्वतःच एखादं शोधून काढतं, आणि त्याचा भार मग कुणाला तरी जिन्यावरून वाहावा लागतो.