दाजींच्या कानात आमचा कळप

आमच्या घराण्यात चांगला कान फक्त मला आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण बाकीच्यांना ते ऐकू येत नाही.

आमचं घर शिनोलीत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेती बघतो आणि चाळीसेक मेंढ्या राखतो. आमचे वाडवडील मेंढरांमागेच हिंडले. मी मात्र घोडेगावला एका कचेरीत कारकून झालो आणि मेंढरांऐवजी फायली हाकू लागलो. आमच्या दोघांच्या वरची बहीण आक्का. ती येडगावला दिली. तिचे यजमान म्हणजे दाजी. हे दाजी दोन वर्षं आमच्याशी बोलत नव्हते आणि म्हणून आक्काही बोलत नव्हती.

कारण सांगतो. दादाच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे मांडवात मानाच्या पाहुण्यांची नावं माइकवरून पुकारतात. एकेकाने पुढे यायचं आणि फेटा बांधून घ्यायचा. माइक माझ्याकडे होता. सगळ्यांना फेटे बांधून झाले, अक्षता पडल्या, आणि घरचे सख्खे दाजी शेवटपर्यंत बोडक्या डोक्याने खुर्चीवर बसून राहिले. (फेटा बसावा म्हणून त्यांनी टोपी आधीच काढून पिशवीत ठेवली होती, हे नंतर कळलं.) आक्का न जेवता उठली. माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. मी नाव पुकारलं होतं, खणखणीत पुकारलं होतं, पण मांडववाल्याचा स्पीकर नेमका तिथेच खरखरला. आता स्पीकरपुढे माणूस काय करणार? हे मी आक्काला सांगितलं, दाजींना सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलं. तरीही दोन भाऊबिजा आक्काविना गेल्या.

तेव्हा वाईट आवाजाने घरं फुटतात, हे मला पटलं आणि चांगल्या आवाजाचा ध्यास मी तेव्हापासून घेतला. निदान सुरेखाला, म्हणजे बायकोला, मी असंच सांगत असे.

"त्याच्या आदीपासून हाय तुमचं ते याड," ती म्हणायची.

गाणारे-वाजवणारे लोक स्टेजवर कानात जे बसवतात, त्याला इन-इअर मॉनिटर म्हणतात. साध्या इअरफोनसारखेच दिसतात, पण साध्या इअरफोनने आवाज ऐकू येतो आणि यांनी आवाज दिसतो. तबला कुठे ठेवलाय, गाणारा डावीकडे सरकला की काय, सगळं. दादा त्यांना सरळ "बोळे" म्हणतो. किंमत इथे लिहीत नाही; सुरेखा वाचते.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करणारा माझा एक जुना मित्र आहे. त्याने तीन जोड पंधरा दिवसांसाठी दिले. एक ठेवायचा, दोन परत करायचे. मी विचारलं, "पारखायचे कसे?"

तो म्हणाला, "ज्याचा मूळ आवाज तुला पाठ आहे, त्याच्यावर पारख."

हे मला फार पटलं. जाणकार लोक व्हायोलिनवर पारखतात म्हणे. मी आयुष्यात व्हायोलिनसमोर बसलेलो नाही. ते खरं कसं वाजतं हेच माहीत नसेल, तर खोटं कसं ओळखणार? मला पाठ आवाज एकच, मेंढरं घरी येतात त्या वेळचा. दिवसभर कोकरं घरी असतात आणि आया रानात. संध्याकाळी कळप आला की चाळीस आया आणि त्यांची कोकरं एकदम ओरडतात, आणि त्या कल्लोळात प्रत्येक कोकरू फक्त आवाजावरून आपली आई हुडकतं. जगातल्या कुठल्याही वाद्यवृंदाने एवढी परीक्षा घेऊन दाखवावी.

मी मित्राचाच रेकॉर्डर आणला. घरामागे दादाने मेंढरांसाठी जाळ्याचं कुंपण घातलंय, त्याच्या खांबाला तो टांगला. माझा श्वासही त्यात यायला नको म्हणून स्वतः वीस पावलं लांब, न्हाणीघराच्या भिंतीआड जाऊन थांबलो. कळप आला, कल्लोळ झाला, कोकरांना आया मिळाल्या. माझी कसोटी तयार झाली.

मग पारख सुरू झाली. घोडेगावच्या एसटीत जाताना-येताना मी डोळे मिटून मेंढरं ऐकत असे. शेजारचा प्रवासी संशयाने माझ्याकडे बघे. वही केली होती. पहिल्या जोडाबद्दल लिहिलं: "बास, म्हणजे खर्ज, जास्त. म्हातारी मेंढी आणि रेडा यांत फरक कळत नाही." दुसऱ्याबद्दल: "आवाज मोकळा, पण सगळा कळप जणू पत्र्याच्या डब्यात कोंडलाय." तिसरा जोड कानात बसवला आणि मी ताठ बसलो. काळतोंडी मेंढी डावीकडे, बांडी उजवीकडे, कुत्रं लांब. प्रत्येकीच्या गळ्यातली घंटी वेगळी. आणि खरी कमाल पुढे होती. पार मागे, उजव्या कोपऱ्यात, एक माणूस हळू आवाजात काहीतरी बोलत होता! पहिल्या दोन जोडांत तिथे नुसती गुणगुण होती. इथे माणूस उभा होता, आणि मधूनच एक बाई "हं" म्हणत होती. शेजारचं कोणीतरी असणार. मी वहीत लिहिलं: "मागे उजवीकडे पुरुष. आवाज नाकातला, किरकिरा. बोलणारा भरवशाचा वाटत नाही. इतका बारकावा!" आणि त्या माणसासाठी मी तिसरा जोड ठेवला.

सुरेखा म्हणाली, "एवढं मेंढरंच ऐकायची व्हती, तर मागच्या दारी जायचं ना. फुकट हायेत."

कलेची किंमत घरात कधीच कळत नसते.

इकडे दादाने येडगावला चार खेपा घातल्या होत्या. शेवटी आक्का आणि दाजी एका रविवारी जेवायला यायला कबूल झाले होते, तो रविवार आला. घरात नुसती धांदल उडाली. दादाने स्वतः मटणाचं बघितलं. सुरेखाने मला कोपऱ्यात घेऊन बजावलं.

"जेवणं व्हईपर्यंत ती बोळ्यांची डबी भाईर काढायची न्हाई. आन् त्या स्पीकरचा इषय तर अजिबात न्हाई."

मी दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे. जेवणं होईपर्यंत मी डबीला हात लावला नाही.

जेवणं छान झाली. दाजी मोजकंच बोलत होते, पण भाकरी दोनदा मागून घेतली. आक्काने ताटातलं सगळं संपवलं आणि माझ्याकडे न बघता "रस्सा बरा झालाय" म्हणाली. दोन वर्षांनी ती आमच्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. मला इतकं भरून आलं की काहीतरी करावंसं वाटलं. तिथेच चूक झाली. माणसाला भरून आलं की त्याने पाणी प्यावं. मी डबी काढली.

दाजींनीच विचारलं, "पावणं, हे काय म्हनायचं?"

"दाजी, हे आसं हाय," मी म्हणालो, "का ह्यात आवाज म्हंजे आरसा. तवा लग्नात आसला आवाज असता, तर तुमचं नाव येडगावापत्तूर ऐकू गेलं असतं."

सुरेखाच्या हातातला तांब्या होता तिथेच थांबला. दादाने छताकडे पाहिलं. मी मात्र मागे हटणार नव्हतो. दाजींचे कान भरदार, त्यांना सगळ्यांत मोठ्या रबरी टोप्या लावल्या, कानात नीट बसवल्या आणि कळप सुरू केला.

दाजीही मेंढरांतलेच. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "उजव्या अंगाची एक लंगडतीया. घंटी अडखळतीया तिची."

दादा चकित होऊन म्हणाला, "बांडी. काटा भरला व्हता तिला तवा."

मी दादाकडे असं पाहिलं की बघ, आता म्हण यांना बोळे. दाजी खुलले होते. दोन वर्षांचं मळभ मी एका बटणाने घालवलं होतं. एवढ्यात दाजींनी हात वर केला.

"थांबा. हितं कुनीतरी बोलतंय."

"आलं ना ऐकू?" मी टाळीच दिली असती. "समद्यांना न्हाई येत, दाजी. त्येच तर ह्येचं काम हाय."

"कोन बोलतंय?"

"आसंल शेजारचं कोन तरी. तुमी मानूस सोडा, आवाज बगा. कसा मोकळा हाय!"

दाजींनी उजव्या कानातला बोळा काढला आणि आक्काच्या कानात घातला. नवरा-बायको एका वायरीला दोन टोकांनी बांधल्यासारखे डोक्याला डोकं लावून बसले. आक्का म्हणाली, "परत लाव." मी परत लावलं. "आजून एकदा." मी आनंदाने आवाज वाढवून दिला. तिसऱ्यांदा तर नेमकी ती जागा मीच शोधून दिली, कारण ती मला पाठ होती.

आक्काने बोळा काढला. "बाळू, हा तुजा आवाज हाय."

"माजा? काय बोलतीस आक्का. ह्यो मानूस नाकात बोलतो."

"तू नाकातच बोलतो," दादा म्हणाला.

"पहिल्यापासनं," सुरेखा म्हणाली.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी अत्यंत सभ्यपणे मान हलवली.

तेव्हा मी तो बोळा स्वतःच्या कानात घातला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा आवाजाचा पोत न ऐकता शब्द ऐकले. आक्का येणार ही बातमी मी रेकॉर्डर टांगला त्याच दिवशी सकाळी आली होती. भिंतीआड सुरेखा भेटली, तिला मी कुजबुजत सांगत होतो आणि ती "हं" म्हणत होती. काळतोंडीच्या घंटीमागून मी स्वच्छ, मोकळा, भरवशाचा न वाटणारा असा बोलत होतो:

"सुरेखा, दाजींचं नाव मी घेतलंच न्हवतं. यादीचं पान उलटायचं राह्यलं. आता दोन वर्सं स्पीकरवर ढकललंय, तर तू बी तेच धरून चाल."

बोळा कानातून काढला. मी म्हणालो, "पन आवाज किती साफ आलाय," आणि हे आपण बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर कळलं.

आक्काने पिशवी जवळ ओढली. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. वाटलं, ही आता उठली तर पुन्हा येणार नाही. तिसरी भाऊबीजही जाईल, आणि या वेळी दोष द्यायला स्पीकरसुद्धा नाही. मग जे दोन वर्षं जमलं नव्हतं ते एका दमात बोललो. दाजींचा मान मोठा म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, एकटं, पानाच्या मागच्या बाजूला. पुढचं पान संपलं, भटजींनी घाई केली, आणि मी कागद खिशात घातला. दाजींचं बोडकं डोकं दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता आणि मला लाज वाटली.

दाजी माझ्याकडे वळून बसले.

"म्हंजे इसरलात?"

"इसरलो."

"आन् आमी समजत व्हतो, घरच्यांनी ठरवून टाळलं." त्यांनी आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्पीकर खराब व्हता, हे आमी एक दिस बी मानलं न्हाई, पावणं. माज्या शेजारच्याचं नाव खनखनीत ऐकू आलं व्हतं."

आक्का म्हणाली, "येड्या, 'इसरलो' म्हनला असतास, तर त्याच पंगतीला जेवून गेले असते." आणि तिने पिशवीतून माझ्यासाठी आणलेले शेंगदाण्याचे लाडू काढले. ती पिशवी जायला ओढली नव्हती. पिशवीचा एवढ्या जवळचा आवाजही मी चुकीचाच ऐकला होता.

मग दादाने दाजींना फेटा बांधला. सुरेखाने नारळ आणला. आणि मी अडवायच्या आत त्या नारळाशेजारी माझी डबी ठेवून, तिला हळद-कुंकू लावून, तिने ती दाजींच्या हातात दिली. "दोन वर्साचा मान थकलाय," एवढंच ती म्हणाली. फेट्याखाली कानात बोळे घालून दाजी मोटारसायकलवर मागे बसले. गाडी आक्काने चालवली. मी रस्त्यावर उभा राहून बघत राहिलो.

लोक मला हसतात. हसू देत. मी आजही म्हणतो की निवड बरोबर होती. दुसरा कुठलाही जोड घेतला असता तर माझं खोटं कधी ऐकूच आलं नसतं. ही तक्रार आहे की प्रशंसा, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता मी दर रविवारी मंचर-नारायणगाव करून येडगावला जातो. दाजी उदार आहेत, तासभर बोळे मला देतात. मी ओट्यावर डोळे मिटून बसतो, आक्का समोर बसून निवडणं-टिपणं करत बोलत असते. दोन वर्षांचं साठलेलं आहे, संपत नाही. मी मान डोलवतो. ती म्हणते, "बाळूसारखं निवांत ऐकून घेनारं मानूस जगात दुसरं न्हाई." हे मला दाजींनी सांगितलं. मला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं.