जागा धरायची रीत

आयटीआयमध्ये मी आयुष्यभर पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवलं. त्यामुळे कुठेही गेलो की माणसांच्या आधी माझं लक्ष बिजागऱ्यांकडे जातं. नाशकात कुणाकडे चहाला गेलो तरी दाराची कडी दोनदा सरकवून बघतो. जित्याची खोड, दुसरं काय. सिंगापूरला लेकीकडे पहिल्यांदाच आलो, तर विमानतळावर नळ कसा बसवलाय ते खाली वाकून बघत राहिलो आणि मागे रांग लागली. लेकीचा फ्लॅट सेंगकांगला, अकराव्या मजल्यावर. तिथल्या लिफ्टची बटणं किती उंचावर आहेत ते मी वितीने मोजायला लागलो, तेव्हा शाळेत जाणारी नात इथल्यासारखं शेवटी 'ला' लावत म्हणाली, "आजोबा, डोन्ट टच ला. पीपल आर लुकिंग." म्हटलं, बघू देत. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाही हात पोचेल अशी बटणं लावलीत, त्याचं कौतुक नको करायला?

पण आम्ही काही बटणं बघायला आलो नव्हतो. लेकीने बोलावलं होतं ते आईला पुन्हा चालतं करायला. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा ठणठणीत आहे असं डॉक्टर प्रत्येक वेळी सांगतात. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीत गटारावरच्या उचकटलेल्या फरशीत पाय अडकून ही पडली, आणि तेव्हापासून हिने बाहेर जाणंच टाकलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही तर ताकाकडे बघेचना. दवाखान्यात जायचं तर एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. एरवी सोफा. जी बाई खेड्यातल्या शाळेवर शिकवायला वर्षानुवर्षं एसटीने एकटी गेली, ती आता जिना उतरायचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवत नसे. चिडचिड व्हायची, आणि मग चिडल्याचं वाईट वाटायचं.

इथेही पहिले काही दिवस तेच. सकाळची वंदना झाली, चहा झाला, की ही सोफ्यावर. मग मी ठरवलं, आधी आपणच रस्ता तपासून यायचा. रोज सकाळी बाहेर पडायचो आणि आल्यावर हिला सगळं सांगायचो. बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत डोक्यावर छप्पर आहे, ऊन नाही की पाऊस नाही. पायरी असेल तिथे बाजूला उतार आहेच. उताराला दांडा आहे, आणि तो बरोबर मुठीत मावतो, ना जाड ना बारीक. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आहे. दर थोड्या अंतरावर बाक आहे, आणि बाकाला मधे हात टेकायला आडवा दांडा, म्हणजे उठताना आधार. ही ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान आहे हो. तुम्ही बघून या, मी ऐकते."

लेक मात्र माझ्यापेक्षा हुशार. तिने हिला बाहेर चल म्हटलंच नाही. "आई, फक्त खाली चल, लिफ्टने," म्हणाली. इथल्या बिल्डिंगचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. घरं नाहीत, दुकानं नाहीत, नुसती सावली, वारा आणि बसायला टेबलं. म्हातारी माणसं पेपर वाचत बसतात. ही खाली आली, बसली, शेजारच्या चिनी आजींकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "खाली जाऊ या का?" मी लगेच चपला पायात घातल्या, विचार बदलायला वेळच नको.

शनिवारी लेकीने आम्हाला हॉकर सेंटरला नेलं. एका मोठ्या छपराखाली पन्नास तऱ्हेचं जेवण आणि मधे टेबलंच टेबलं. तोबा गर्दी. तेवढ्यात मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर टिश्यूचं एक छोटं पाकीट पडलं होतं. मला वाटलं, कुणीतरी विसरलं. शिक्षकी पेशा, हरवलेली वस्तू सापडली की धनी शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मी पाकीट उंच धरलं आणि आजूबाजूच्या टेबलांवर "युवर्स? युवर्स?" करत फिरलो. सगळे मान हलवायचे आणि माझ्याकडे विचित्र बघायचे. परत येतो तो दुसरंच एक कुटुंब आमच्या टेबलावर बसलेलं, आणि हातात ट्रे घेऊन उभी एक बाई माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघतेय. टेबल तिचं होतं. पाकीट ठेवून ती जेवण आणायला गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीने माफी मागितली, नात दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. त्या कुटुंबाने सरकून बाईला जागा दिली म्हणून निभावलं.

ही मात्र हसायची थांबेना. डोळ्यांना पदर लावून हसत होती. म्हणाली, "अहो, एवढे उतार न् दांडे मोजलेत आणि हे कळलं नाही? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तसंच. फक्त इथे कुणी तो उचलून फेकत नाही. उंटावरचे शहाणे." इतक्या दिवसांत ही अशी हसलेली मी पाहिली नव्हती. माझ्या फजितीवर का होईना, मला फार बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी लेक कामाला तिच्या प्रयोगशाळेत, नात शाळेत. ही म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊ." आम्ही छपराखालून हळूहळू गेलो. गर्दी होती, पण टेबल मिळालं. हिला बसवून मी हात धुवायला गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी, आणि टेबलावर हिची काठी आडवी ठेवलेली. काठीशिवाय ही गेली कुठे? पडली असेल, कुणी उचलून नेलं असेल, नाही नाही ते मनात आलं. बघतो तर ही काउंटरपाशी रांगेत, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून भिंतीवरची कॉफीची चित्रं बघत उभी.

मी धावत गेलो. "अगं, काठी?"

"जागा धरलीय. रुमाल ठेवणार होते, पण तुमचा मळलाय." मग तिनेच खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मी तिचा दंड धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने केस विंचरले, लेकीचे बूट घातले आणि म्हणाली, "तुम्ही थांबा. मी एकटी जाऊन येते." काठी घेतली होती, तेवढंच समाधान. मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. अकराव्या मजल्यावरून ती कुठेच दिसेना, सगळीकडे नुसतं छप्पर. ज्याने ते बांधलं त्याला मी त्या दिवशी पोटभर शिव्या दिल्या. पेपर उघडला, मिटला. चहा टाकला, उतू गेला. लिफ्टचा आवाज आला की दारात जायचो, तर शेजारी.

शेवटी बेल वाजली. दारात ही, कपाळावर घाम, एका हातात काठी. दुसऱ्या मनगटाला दोरीने एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती, आणि त्या पिशवीतच कॉफी भरलेली, वर स्ट्रॉ खोचलेली. इथे कॉफी अशीच बांधून देतात, म्हणजे हात दांडा धरायला मोकळा राहतो. एरवी मी ती पिशवी उलटसुलट करून बघितली असती. पण ही पडल्यापासून दूध, भाजी, औषधं, बाहेरचं काहीही असो, मी आणायचं आणि हिने घ्यायचं. आज ही माझ्यासाठी काहीतरी घेऊन आली होती. पिशवी हातात धरून मी तिथेच रडायला लागलो.

"प्या आधी," ही बूट काढत म्हणाली. "गार झाली की म्हणाल, आणलीच गार."