शुक्रवारची भरड

आमचे दारोगासाहेब म्हणजे निजाम सरकारच्या आबकारी खात्याचा मुरुममधला भक्कम खांब. त्यांच्यासारखा जागचा न ढळणारा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. अर्थात ढळायला मुळात हलता यावं लागतं, आणि साहेबांना मुरुम सोडायची मनाई होती.

मनाईचं कारण एक लोखंडी हातचक्की. सोलापूरच्या बाजारात मिळणारी, स्वस्तातली. फळीला आवळायची, वरून दाणे टाकायचे आणि दांडा फिरवायचा. कानडी मुलखाला लागून असलेल्या एका वस्तीवर गंगव्वा नावाची एकटी म्हातारी घरी ज्वारीची दारू करते, अशी साहेबांना खबर होती. झडतीत दारू सापडली नाही, चक्की सापडली. गंगव्वा मुन्सफांपुढं म्हणाली, ‘सायेब, म्या कण्या भरडते. दात न्हायती मला.’ आणि तोंड उघडून दाखवलं. तेव्हा मुन्सफांनी हुकूम केला : या चक्कीत भरडलेल्या धान्याची दारू होते, हे खात्यानं करून दाखवावं. मुकदमा निकाली निघेपर्यंत दारोग्याला रजा नाही, बदली नाही.

साहेब मूळचे तेरचे. घरी म्हातारी आई, डोळ्यांनी अधू. रोज सकाळी शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून ते कचेरीत येत आणि मला, म्हणजे त्यांच्या मोहरिराला, लिखापढीच्या कारकुनाला, एवढंच विचारत, ‘तेरचं टपाल?’ बहुधा नसे. असलं तर शेजाऱ्यानं लिहिलेलं, आणि मजकूर ठरलेला : आई विचारते, कधी येतोस.

सरकारी दारू करायचा मुहूर्त शुक्रवारी असे, कारण त्या दिवशी कचेरीला सुट्टी. साहेबांनी ज्वारी भिजवली, ओल्या पोत्यात बांधून मोड आणले, उन्हात वाळवली आणि शेरवानीसकट चक्कीला बसले. सरकारी काम म्हणून त्यांनी चक्कीचा पेच घट्ट आवळून दळण मैद्यासारखं काढलं. ऊन पाण्यात पडताच त्याची खळ झाली. विणकरानं आनंदानं नेली असती, फडक्यातून मात्र थेंब गळेना.

पुढच्या तारखेला आलेली गंगव्वा कचेरीच्या व्हरांड्यात बसून ते मडकं बघत होती. बराच वेळ तिनं सोसलं. मग म्हणाली, ‘लई बारीक दळलं तुमी. दाना नुसता फुटावा, पीठ व्हवू नये. त्यो पेच ढिला करा की.’

मी टाक दौतीत बुडवला. ही एक ओळ जबानीत आली की मुकदमा संपला. गंगव्वा तुरुंगात, साहेब तेरला.

साहेब म्हणाले, ‘मोहरीर, दौतीचं झाकण लावा.’

‘साहेब, तिनं स्वतःच्या तोंडानं...’

‘तिची म्हैस आहे. धार तुम्ही काढणार का?’

त्यानंतर दर शुक्रवारी दोन भरडी निघू लागल्या. एक पेच आवळून, मुन्सफांना दाखवायला. तिची खळ न चुकता होई. दुसरी पेच ढिला करून, घरासाठी. ती फसफसून, आंबूस, उत्तम उतरे. साहेब एकच पेला घेत आणि खात्याच्या आवाजात सांगत, ‘तपासणीपुरतं.’ मलाही तपासायला लावत. मुन्सफ दर तारखेला खळ पाहून पुढची तारीख देत. गंगव्वा दर तारखेला मडक्याकडं बघून तोंडाला पदर लावी.

‘सायेब, अजून जमंना व्हय?’

‘न्हाय जमत, आज्जी.’

मी एकदा धीर करून म्हणालो, ‘साहेब, तेरला कुणीतरी वाट बघतंय.’ ते पेच आवळत होते. ‘ठाऊक आहे,’ म्हणाले, ‘म्हणूनच रोज विचारतो.’ आणि दांडा फिरवत राहिले. रजेचे अर्ज मीच लिहीत असे. ते मोठ्या नम्र उर्दूत जात आणि तितक्याच नम्र उर्दूत नामंजूर होऊन येत.

एका पावसाळ्यात टपाल आलं. अक्षर त्याच शेजाऱ्याचं, मजकूर मात्र नेहमीचा नव्हता. साहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून शेरवानीत ठेवलं आणि मला सांगितलं, ‘आता तेरच्या टपालाची आठवण करू नका.’ आठवण मी कधीच करत नव्हतो. त्या शुक्रवारी त्यांनी दोन्ही भरडी बारीक काढल्या.

निजामी गेली. नव्या अंमलदारांनी जुनी दफ्तरं चाळून गंगव्वाचा मुकदमा काढून टाकला आणि साहेबांना मोकळं केलं. मोटारीत बसताना त्यांच्याकडं एकच पेटी होती. ‘तेरला आता कुणाकडं?’ मी विचारलं. ‘घर आहे ना. कुलूप काढायला कुणीतरी पाहिजे,’ ते म्हणाले.

दुपारी गंगव्वा चक्की न्यायला आली. नियमाप्रमाणे देण्याआधी मी ती उघडून तपासली. पात्यांच्या मागं मोड आलेल्या ज्वारीचे फुटके दाणे अडकलेले होते. या मुकदम्यात खात्याच्या हाती लागलेला हा पहिला पुरावा, आणि आरोपी सकाळच्याच मोटारीनं तेरला गेला होता.