दलबहादूरच्या अकरा गोळ्या

१९४३ च्या थंडीत आमची तुकडी साताऱ्यात होती. मी हुद्द्यानं नाईक. माझं गाव तिथंच, मेढ्याजवळ. सकाळी पीटी, मग गार्ड, मग बेचाळीसच्या चळवळीतले फरारी शोधायला डोंगर. आपल्याच मुलखात बूट वाजवत फिरायचं. जीव विटून गेला होता.

त्या फरारींत लान्स नाईक दलबहादूर थापा होता. गोरखा. आफ्रिकेत जखमी होऊन आम्ही दोघं पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात शेजारच्या खाटांवर होतो. एकदा मी त्याला पेपर वाचून दाखवला. साताऱ्याकडं मोर्चावर गोळीबार झाला होता.

"गोळी कुणी चालवली?"

"शिपायांनी."

त्या दिवशी तो जेवला नाही. बरा झाल्यावर पलटणीत हजर झालाच नाही. जावळीत भूमिगतांना जाऊन मिळाला.

एके दिवशी सकाळी ६.४० ला मेढ्याच्या वरच्या अंगाला एका गोठ्याला आम्ही वेढा घातला. आमचे गोरे साहेब म्हणाले, "नाईक, यू नो हिम. आवाज दे."

मी ओरडलो, "दल, बाहेर ये! साहेब मारणार नाहीत म्हणतात."

आतून मोडक्या मराठीत आवाज आला. "साब म्हणतो, का तू म्हणतो?"

मी साहेबांकडं पाहिलं.

आत एकच रायफल होती. मागच्या बाजूनं पाच भूमिगत कारवीच्या झुडपांतून खाली उतरत होते, हे नंतर कळलं. पंचवीस मिनिटं तो एकटा फायर करत राहिला. अकरा गोळ्या. सगळ्या आमच्या डोक्यांवरून गेल्या.

"बॅड शॉट," साहेब म्हणाले.

त्याच्या बाहीवर नेमबाजीचा बिल्ला मी पाहिला होता. मीही सहा गोळ्या झाडल्या. त्या कुठं गेल्या, ठाऊक नाही.

७.०५ ला आतला फायर थांबला. गोळी त्याच्या मानेत लागली होती.

स्वातंत्र्यानंतर घरी आलो. त्या पाचांतला एक, कुपवाडचा जैन शेतकरी बाबगोंडा, याला मी शोधून काढलं. वेढ्यात मी होतो, हे आधी सांगितलं. तो म्हणाला, "आमी त्येला निसतं बहादूर म्हणायचो. पुरं नाव काय वं त्येचं?"

मी सांगितलं.

"लिवून द्या. पाच कागदांवर. आमी पाच जण हाय."

हुद्दा पलटणीनं काढून घेतला होता. मी तो पाचही वेळा लिहिला. लान्स नाईक दलबहादूर थापा.