सबटायटल नसलेला सिनेमा

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे मशीन दाखवतं तेच खरं, अशी डोक्याला सवय. या पेजवरचे असले अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलेय. आता कुणी माझ्यावर हसलं तरी हरकत नाही... कारण हे आमच्याच हॉलमध्ये, भर दुपारी घडलंय.

आम्ही नगरला सावेडीत राहतो — अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय लागायचीय. मिस्टर नागापूर एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मला एकच नाद — ओटीटीवर कुणी न बघितलेले सिनेमे शोधून काढायचे. वरची गाजलेली पोस्टरं सोडून मी खाली खाली जात राहते, जिथे ना रेटिंग ना रिव्ह्यू. थोडा वेळ बघायचं आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर निकाल टाकायचा — 'बघाच', 'इस्त्री करता करता बघा' किंवा 'वाटेला जाऊ नका'. माझा निकाल चुकत नाही, असं मला तरी वाटायचं.

गेल्या वर्षी सासूबाईंना अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी, भाताच्या आवणीत, रोपं लावताना, अर्धांगाचा झटका आला. आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. हात-पाय बऱ्यापैकी सुधारले, वाचा मात्र गेली. एसटीत बसल्या की राजूर येईपर्यंत अख्ख्या गाडीची सोयरीक काढणारी ही बाई... आता नुसतं 'हं' आणि 'आं'. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. डॉक्टर म्हणाले, "बरेच महिने झालेत. फार आशा धरू नका." मिस्टर तर आईसमोर बसायचंच टाळायला लागले. बघवायचं नाही त्यांना.

त्या दुपारी आई — सासूबाईंना मीही आईच म्हणते — दिवाणावर टेकून बसल्या होत्या आणि मी असाच एक सिनेमा लावला. बर्फाचे डोंगर, एक म्हातारी, तिची गाभण घोडी. भाषा अशी की तिचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. सबटायटल शोधले, तर नव्हतेच. म्हातारी चूल पेटवते, घोडीशी पुटपुटते, पुन्हा चूल फुंकते... कंटाळा आला. ग्रुपवर 'वाटेला जाऊ नका' टाकलं आणि रिमोट उचलला.

"बंद करू नगं."

खरं सांगते, मी आधी टीव्हीकडेच बघितलं. मग मागे वळले. आई पडद्याकडे एकटक बघत होत्या.

"आई? तुम्ही बोललात?"

"गप की गं. बोलतीया ती."

मी पटकन मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावरची म्हातारी घोडीच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी म्हणाली... आणि तिच्या पाठोपाठ आई म्हणाल्या, "तुझ्या आईलाबी मीच वढून काढली हुती. असाच बर्फ पडत हुता." म्हातारी पुढे बोलली. आईही बोलल्या — "भावाला न्हाई सांगितलं. त्यानं इकली असती तिला."

मोबाईल मी तसाच त्यांच्यापुढे धरून ठेवला. मिस्टरांना ऐकवायला, दुसरं काही नाही! आई काय बोलतायत याकडे माझं लक्षच नव्हतं. त्या बोलतायत, एवढंच कळत होतं.

शेवटपर्यंत बोलल्या. शिंगरू जन्मलं, पडलं, पुन्हा पडलं, शेवटी चार पायांवर उभं राहिलं, तेव्हा आईंनी मांडीवर थाप मारली — "हुबं ऱ्हायलं! हुबं ऱ्हायलं बघ!" आणि रडत रडत हसायला लागल्या.

संध्याकाळी मिस्टर कामावरून आले. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. दार उघडलं, तोच आतून आवाज आला, "संज्या, च्या घेतला का रं?"

ते डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून दारातच खाली बसले. "आई..." एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ दोघं बोलत होते आणि मी किचनमध्ये उगाच भांडी हलवत उभी होते.

डॉक्टरांनी आनंदाने हात जोडले. म्हणाले, "होतं असं कधी कधी, वाचा परत येते." बरं. एवढं मीही मान्य केलं.

पण काही आठवड्यांनी त्याच सिनेमाला इंग्रजी सबटायटल आले. मी एका कानात ते रेकॉर्डिंग लावलं आणि वाचत बसले. शब्द थोडे इकडेतिकडे — बाकी सगळं तेच. घोडीची आई. तो बर्फ. आणि कळलं तर तिला विकून टाकेल असा भाऊ... तो भाऊ अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही हो! मग नुसतं चित्र बघून हे कुणाला सुचेल?

मिस्टर म्हणतात योगायोग. माझी मैत्रीण वैशाली म्हणते मागच्या जन्माचं काहीतरी. मी त्याच भाषेतला दुसरा सिनेमा शोधून आईंना लावून दिला. दोन मिनिटांत वैतागल्या — "काय बोलत्यात कुणास ठाऊक. मराठी लाव की."

"मग त्या म्हातारीचं कसं कळलं, आई?"

"अगं, ती काय अवघड बोलत हुती व्हय?"

याहून जास्त त्या काही सांगत नाहीत. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

परवा गावी पुतणीच्या हळदीला गेलो होतो. आईंनी माईक हातात घेतला आणि एकामागून एक हळदीची गाणी म्हटली. थांबायलाच तयार नाहीत. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मग सगळ्यांनी आईंना गराडा घातला — "आक्का, औषध तरी कुठल्या डॉक्टरचं केलं?"

आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं सिनेमा लावला."

सगळा मांडव हसला. मग बायका माझ्याकडे वळल्या, आता खरं काय ते ही सांगेल म्हणून. मी काय सांगणार? मलाही तेवढंच माहीत आहे.